पोर्ट फॉरवर्ड केलंय, तरी सर्व्हर बाहेरून उघडत का नाही?

राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडायचं, बाहेरचा पोर्ट (मशीनवरच्या एकेका सेवेचा दार-क्रमांक) ४४३ टाकायचा, खाली आतल्या सर्व्हरचा आयपी टाकायचा, सेव्ह करायचं, झालं. मग फोनवरून पत्ता टाकून बघायचं तर नुसतं गोल गोल फिरत राहतं, उघडत काहीच नाही. मग रूल डिलीट करून परत तोच रूल टाकायचा, राऊटर रीस्टार्ट करायचा, शेवटी वैतागून फायरवॉलच बंद करून बघायचा. हे बहुतेकांनी केलेलं असतं आणि त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही, कारण ते पानच असं बनवलेलं असतं की पोर्ट फॉरवर्ड म्हणजे एक फॉर्म भरायचं काम वाटतं. खरं तर त्या फॉर्मवर फक्त पॅकेट, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा, आत कसं जाणार तेवढंच लिहिलेलं असतं. सर्व्हरचं उत्तर परत कसं येणार याबद्दल त्यात एक चौकटही नसते, आणि मी आजवर बघितलेल्या केसेसमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेलाय तो ह्या परतीच्या वाटेवरच.

म्हणून आपण एकच पॅकेट पकडू आणि ते जाऊन परत येईपर्यंत त्याच्या मागे मागे जाऊ. त्याआधी थोडं, हे सगळं करावं का लागतं तेवढं बघून घेऊ.

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. जगातल्या प्रत्येक फोनला, कॅमेऱ्याला, सर्व्हरला एकेक द्यायचा म्हटलं तर पुरणारच नाहीत हे नव्वदच्या दशकातच लक्षात आलं होतं. १९९४ मध्ये नॅटची, म्हणजे वाटेत पत्ता बदलून देण्याची, कल्पना आरएफसी १६३१ मध्ये लिहिली गेली (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं ते लिहिलेले क्रमांकवार दस्तऐवज), १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने तीन पट्टे खाजगी वापरासाठी ठरवून दिले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ वाले. हे पत्ते कोणीही आपल्या आत वापरावेत, पण इंटरनेटवर त्यांना रस्ता नाही. शेवटी ३ फेब्रुवारी २०११ ला आयानाने, म्हणजे जगभरचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेने, आपल्याकडचे उरलेले आयपीव्ही४ चे मोठे ब्लॉकसुद्धा वाटून टाकले, आणि तोपर्यंत एका बाहेरच्या पत्त्यामागे अख्खं नेटवर्क ही नेहमीची गोष्ट झालेली होती.

आता आतून बाहेर जाताना काही अडचण नसते. तुमच्या लॅपटॉपने एखादी साइट मागितली की फायरवॉल त्या पॅकेटवरचा आतला पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो आणि एका टेबलात नोंद करून ठेवतो की हे अमुक मशीनचं, ह्या पोर्टवरून गेलंय, उत्तर आलं की त्याला द्यायचं. पण बाहेरून कोणीतरी स्वतःहून आलं तर त्याची टेबलात नोंदच नसते, मग फायरवॉलला कळणार कसं की हे आत कोणाला द्यायचं? तो ते टाकून देतो, किंवा माझ्यासाठीच आलंय असं समजतो. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे ही नोंद आपण आधीच करून ठेवायची, ह्या पोर्टवर कोणी आलं तर त्याला आत अमुक मशीनकडे पाठव म्हणून.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. नॅट आणि फायरवॉल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच डब्यात असतात म्हणून आपण एकच धरतो, पण नॅट पत्ता बदलतो आणि फायरवॉल परवानगी देतो किंवा नाकारतो. पत्ता बदलला म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही आणि परवानगी दिली म्हणून पत्ता बदलला असंही नाही. घरगुती राऊटर दोन्ही गोष्टी गुपचूप एकत्र करून टाकतो म्हणून तिथे जाणवत नाही, पण जरा मोठा फायरवॉल हातात आला की लगेच जाणवतं.

आता पॅकेट. उदाहरणासाठी पत्ते असे घेऊ: बाहेरचा माणूस १९८.५१.१००.७ वर, आपल्या फायरवॉलची बाहेरची बाजू २०३.०.११३.१० (हे दोन्ही पत्ते उदाहरणं लिहायलाच राखून ठेवलेल्या पट्ट्यांतले आहेत, त्यामुळे कोणाला त्रास होणार नाही), फायरवॉलची आतली बाजू १९२.१६८.१.१, आणि सर्व्हर १९२.१६८.१.५०. सर्व्हरवर ॲप्लिकेशन ८४४३ वर ऐकतंय. बाहेरून आपल्याला ४४३ वर यायला हवं आणि आत ते ८४४३ ला लागायला हवं.

बाहेरच्या माणसाने ब्राउजरमध्ये पत्ता टाकला. त्याच्याकडून पहिलं पॅकेट निघतं, ते सिन, म्हणजे कनेक्शन जोडायची विनंती. त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कुठून, १९८.५१.१००.७ आणि पोर्ट समजा ५१५४४. आणि कुठे, २०३.०.११३.१० पोर्ट ४४३. ते फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूवर येऊन आदळतं. फायरवॉल लिनक्सचा आहे असं धरू, कारण बरेचसे छोटे राऊटरही आतून लिनक्सच असतात आणि त्यात नेटफिल्टर, म्हणजे पॅकेट तपासणारा कर्नलचा भाग, असतो, जो २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलपासून आहे. आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्स ही त्याला रूल सांगायची दोन साधनं.

पॅकेट आत आल्या आल्या पहिला टप्पा लागतो तो प्रीराउटिंग, म्हणजे कुठे पाठवायचं हे ठरवायच्या आधीचा. डीनॅटचा, म्हणजे ‘कुठे’ चा पत्ता बदलण्याचा, रूल इथे लागतो. तो ‘कुठे’ वालं खोडतो आणि तिथे १९२.१६८.१.५०, पोर्ट ८४४३ लिहितो. ‘कुठून’ ला अजिबात हात लावत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ ह्याच्यावरच आहे. त्याच वेळी कनेक्शन ट्रॅकिंगच्या टेबलात नोंद होते की मूळ असं होतं, आता असं केलंय.

मग फायरवॉल पत्ता बघतो आणि त्याला दिसतं की हे माझं नाही, आतल्या कोणाचं तरी आहे, पुढे द्यायला हवं. आता पुढे द्यायची मुभा मुळात चालू आहे का? लिनक्समध्ये ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ नावाची सेटिंग आहे, ती १ नसेल तर मशीन दुसऱ्याचं पॅकेट पुढे देतच नाही, तुमचे रूल कितीही बरोबर असू देत. तयार राऊटरमध्ये ती चालूच असते, पण साध्या लिनक्स मशीनला फायरवॉल बनवायला घेतलं की हमखास विसरली जाते, आणि कमांडने चालू केली पण फाइलमध्ये लिहिली नाही तर रीस्टार्टनंतर परत शून्य होते, मग काल चालत होतं आज काय झालं म्हणून डोकं धरायची वेळ येते.

पुढचा टप्पा फॉरवर्ड, म्हणजे परवानगीचा. इथे एक जागा आहे जिथे खूप जण अडकतात. इथे पॅकेट येतं तेव्हा त्याचा पत्ता आधीच बदललेला असतो! त्यामुळे ‘२०३.०.११३.१० च्या ४४३ ला येऊ दे’ असा परवानगीचा रूल लिहिला तर तो कधीच लागू होणार नाही, कारण त्या जागी पोचलेल्या पॅकेटवर १९२.१६८.१.५० आणि ८४४३ लिहिलेलं आहे. परवानगी त्यालाच द्यायला हवी. आणि इनपुट चेनमध्ये (चेन म्हणजे एका टप्प्यावरच्या रूलची यादी) लिहिला तर अजूनच नाही, इनपुट हे खुद्द फायरवॉलसाठी आलेल्या पॅकेटचं, हे तर पुढे जाणारं पॅकेट आहे, ते त्या वाटेने जातच नाही.

सगळे फायरवॉल असंच वागतात असंही नाही, त्यामुळे एकावर शिकलेलं दुसऱ्यावर तसंच्या तसं लावू नका. पीएफसेन्समध्ये पण नॅट आधी आणि मग परवानगी, म्हणून रूलमध्ये आतला पत्ता लागतो, पण पोर्ट फॉरवर्ड बनवताना तो परवानगीचा रूल आपोआप जोडून देतो. सिस्कोच्या एएसए मध्ये ८.३ व्हर्जनच्या आधी ॲक्सेस लिस्टमध्ये बाहेरचा पत्ता लिहायचा आणि ८.३ पासून आतला खरा पत्ता, त्यामुळे जुन्या पुस्तकातलं किंवा जुन्या नोट्समधलं कॉन्फिग टाकलं तर ते चालणार नाही. पालो आल्टो अजून वेगळा, त्याच्या पॉलिसीमध्ये पत्ता मूळचा म्हणजे बदलायच्या आधीचा टाकायचा आणि झोन (नेटवर्कचा आतला, बाहेरचा असा भाग) मात्र बदलल्यानंतरचा, पहिल्यांदा करताना हे विचित्र वाटतं पण ते तसंच आहे.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी एक आडची गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण ती नेमकी ह्याच वाटेवरची आहे. डॉकर प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतो. कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला की डॉकर स्वतःच आत डीनॅटचा रूल टाकतो. मग तुम्ही त्याच मशीनवर यूएफडब्ल्यू (लिनक्सवरचं फायरवॉलचं सोपं साधन) ने तो पोर्ट बंद केलात तरी बाहेरून उघडाच राहतो, आणि लोक म्हणतात यूएफडब्ल्यू काम करत नाही. तो काम करतोय, पण त्याचा तो रूल इनपुटवर आहे आणि पॅकेट फॉरवर्डच्या वाटेने कंटेनरकडे गेलं. डेटाबेसचा पोर्ट असा नकळत जगाला उघडा राहतो, तेवढं आजच तपासून घ्या.

असो. परवानगी मिळाली, पॅकेट आतल्या बाजूने बाहेर पडलं आणि सर्व्हरकडे आलं. आता सर्व्हरच्या नजरेने बघा. त्याला काय दिसतं? १९८.५१.१००.७ वरून कोणीतरी माझ्या ८४४३ ला आलंय. फायरवॉल मधे होता हे त्याला माहीतच नाही.

इथे दोन साध्या गोष्टी अडवतात. एक, ॲप्लिकेशन फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ते मशीनच्या आतल्या आतच उपलब्ध असतं, बाहेरून आलेल्याला ते सापडणारच नाही. दुसरी जरा फसवी आहे. सर्व्हरवरचा स्वतःचा फायरवॉल. विंडोजमध्ये बरेच रूल असे असतात की फक्त ह्याच सबनेटमधून, म्हणजे आतल्या ह्याच नेटवर्कमधून, आलेलं चालेल. मग तुम्ही शेजारच्या लॅपटॉपवरून उघडून बघता, छान उघडतं, आणि तुमची खात्री पटते की सर्व्हर ठीक आहे, लोचा फायरवॉलमध्ये आहे. पण शेजारचा लॅपटॉप १९२.१६८.१ मधला आहे आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या पॅकेटवर १९८.५१.१००.७ लिहिलेलं आहे, म्हणून सर्व्हरच ते टाकून देतोय. आतून उघडतं याचा अर्थ फक्त आतून उघडतं एवढाच.

चला, सर्व्हरने पॅकेट घेतलं आणि उत्तर द्यायला बसला. उत्तरावर लिहिलं: कुठून, १९२.१६८.१.५० पोर्ट ८४४३, कुठे, १९८.५१.१००.७ पोर्ट ५१५४४. हा पत्ता आपल्या सबनेटमधला नाही, म्हणून तो ते डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे बाहेरचं सगळं ज्याच्याकडे द्यायचं त्या मशीनकडे, देतो. गेटवे जर आपलाच फायरवॉल, म्हणजे १९२.१६८.१.१ असेल तर पुढचं सगळं आपोआप होतं, टेबलात नोंद आहेच, फायरवॉल ‘कुठून’ च्या जागी परत २०३.०.११३.१० आणि ४४३ लिहितो आणि बाहेर सोडतो. उत्तरासाठी वेगळा नॅट रूल लिहायला लागत नाही, कनेक्शन ट्रॅकिंग ते करतं, फक्त आधीच जुळलेल्या कनेक्शनला येऊ-जाऊ दे असा एक परवानगीचा रूल फॉरवर्डमध्ये हवा. बाहेरच्या माणसाने ज्याला विचारलं त्याच्याकडूनच उत्तर आलं असं त्याला दिसतं.

आणि गेटवे दुसराच असेल तर?

मी एका ठिकाणी ह्याच्यावर जवळजवळ दीड दिवस घालवलाय. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड होती, एक आमच्या फायरवॉलच्या नेटवर्कमध्ये आणि दुसरं एका वेगळ्या लाइनवर, बॅकअपसाठी कोणीतरी आधी जोडलेलं. डिफॉल्ट गेटवे त्या दुसऱ्या लाइनचा होता. फायरवॉलवर सगळं बरोबर, रूलचा काउंटर दर वेळी वाढत होता, म्हणजे पॅकेट येतंय, लागू होतंय, आत जातंय. सर्व्हरवर बघितलं तर तिथेही पोचत होतं. आणि तरी बाहेर काही नाही. मी रूल सात-आठ वेळा परत लिहिला. शेवटी सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डावर नुसतं ऐकत बसलो तेव्हा दिसलं, उत्तरं तिथून निघून चालली होती, व्यवस्थित, एकामागून एक. बाहेरच्या मशीनने २०३.०.११३.१० ला विचारलं होतं आणि उत्तर येत होतं भलत्याच पत्त्यावरून, मग ते मशीन म्हणणार मी तुला ओळखत नाही. किंवा उत्तर तिथपर्यंत पोचतही नसेल, त्या दुसऱ्या लाइनच्या फायरवॉलने सिन कधी बघितलंच नाही तर त्याने सिन-ॲक, म्हणजे सिनला सर्व्हरने दिलेलं उत्तर, मधेच टाकून दिलं असेल. त्या दिवसापासून मी पोर्ट फॉरवर्डचं काम आलं की पहिला प्रश्न सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे काय आहे हाच विचारतो, रूल नंतर.

ह्यावर उपाय तीन. सरळ उपाय म्हणजे गेटवे बदलणे, जमत असेल तर तोच करा. ते जमत नसेल तर सर्व्हरवर पॉलिसी राउटिंग, म्हणजे ह्या कार्डावरच्या पत्त्यावरून निघणारं उत्तर ह्याच कार्डाच्या गेटवेने जाऊ दे असं सांगणं. तिसरा, फायरवॉलने आत पाठवताना ‘कुठून’ सुद्धा बदलून स्वतःचा आतला पत्ता लावायचा, म्हणजे एसनॅट. मग सर्व्हरला वाटतं विचारणारा १९२.१६८.१.१ च आहे, तो शेजारीच आहे, उत्तर तिकडेच जातं. चालतं हमखास. पण त्याची किंमत मोजावी लागते, सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळ्या जगातून आलेले लोक १९२.१६८.१.१ म्हणूनच दिसायला लागतात, कोण कुठून आलं ते कळत नाही, आणि फेल२बॅनसारखं, चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याचा पत्ता बंद करणारं, काही लावलं असेल तर कोणी एकाने चुकीचे पासवर्ड टाकले की ते तुमच्या फायरवॉललाच बॅन करतं आणि सगळ्यांसाठी सर्व्हर बंद. म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवतो.

परतीच्या वाटेचाच अजून एक प्रकार म्हणजे आतून टेस्ट करणे. तुम्ही त्याच वायफायवर बसून बाहेरचा पत्ता टाकता. तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१.२०. पॅकेट फायरवॉलकडे गेलं, डीनॅट झालं, परत आत वळून सर्व्हरकडे आलं. सर्व्हरने बघितलं, विचारणारा १९२.१६८.१.२०, अरे हा तर शेजारचाच, फायरवॉलला कशाला मधे घ्यायचं, आणि त्याने थेट लॅपटॉपला उत्तर दिलं. लॅपटॉपने विचारलं होतं २०३.०.११३.१० ला, उत्तर आलं १९२.१६८.१.५० कडून. टाकून दिलं. म्हणजे बाहेरून सगळं नीट चालू असतानाही तुम्हाला आतून बंद दिसतं. यावर हेअरपिन नॅट म्हणून सेटिंग असते, ती ह्या वळून येणाऱ्या ट्रॅफिकला एसनॅट लावते, किंवा आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) त्याच नावाला थेट आतला पत्ता द्यायचा, मला दुसरं बरं वाटतं कारण त्यात पॅकेटला विनाकारण फेरी पडत नाही. फक्त आपल्या उदाहरणासारखा आतला पोर्ट वेगळा असेल तर नाव बरोबर मिळूनही ४४३ वर कोणी नसतं, म्हणून डीएनएसचा मार्ग धरायचा असेल तर सर्व्हरलाही ४४३ वरच ऐकायला लावा. आणि टेस्ट करताना फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून बघा. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी तास वाचतील.

आता शोधायचं कसं ते जवळून दाखवतो. अंदाज बांधत रूल बदलू नका, पॅकेट बघा. टीसीपीडम्प नावाचा प्रोग्रॅम आहे, तीन खिडक्या उघडा: एक फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूवर पोर्ट ४४३ साठी, दुसरी फायरवॉलच्या आतल्या बाजूवर ८४४३ साठी, तिसरी सर्व्हरवर ८४४३ साठी. मग फोनवरून एकदाच पान उघडा आणि खिडक्यांकडे बघा. पहिल्या खिडकीत १९८.५१.१००.७ कडून २०३.०.११३.१० कडे एक ओळ येईल, तिच्यात फ्लॅग्ज [एस] लिहिलेलं असेल, हे सिन. सगळं ठीक असेल तर क्षणात दुसऱ्या आणि तिसऱ्या खिडकीतही तसंच दिसेल, पत्ता बदललेला, आणि मग उलट दिशेने फ्लॅग्ज [एस.] अशी ओळ, शेवटी टिंब असलेली, म्हणजे सिन-ॲक, सर्व्हर म्हणतोय हो, मी आहे.

पहिल्या खिडकीतच काही नाही? मग तुमच्या रूलचा प्रश्नच नाही, पॅकेट तुमच्यापर्यंत आलंच नाही. (टीसीपीडम्प येणारं पॅकेट नेटफिल्टरच्या आधी बघतो, त्यामुळे तुमच्या फायरवॉलने अडवलं असतं तरी इथे दिसलं असतं.) पहिल्यात आहे पण दुसऱ्यात नाही, तर फायरवॉलच्या आत मेलं, डीनॅट, फॉरवर्डची परवानगी किंवा ती आयपी_फॉरवर्ड. तिसऱ्यात [एस] [एस] [एस] असं परत परत येतंय, एक सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी, आणि उत्तराची ओळ नाही, तर सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल बघा किंवा उत्तर दुसऱ्या कार्डाने जातंय का ते बघा. आणि फ्लॅग्जमध्ये आर दिसला तर ते रीसेट, म्हणजे पॅकेट नीट पोचलं पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. ब्राउजर किंवा कमांड वापरतानाही हा फरक दिसतो, लगेच नकार आला तर बहुतेक वेळा दार आहे पण आत कोणी नाही, आणि बराच वेळ वाट बघून टाइमआउट आला तर कोणीतरी वाटेत पॅकेट गिळतंय. ह्या दोन्हींना लोक ‘चालत नाही’ असं एकच नाव देतात, पण त्यांची कारणं पूर्ण वेगळी असतात.

पहिल्या खिडकीत काही न येण्याचं आजकालचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सीजीनॅट. पत्ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट देणारी कंपनीच खूप ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा वेगळा काढला गेला. राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा म्हणजे वॅन आयपी बघा, आणि माझा आयपी काय असं दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर बघा. दोन्ही सारखे नसतील तर तुमच्या वर अजून एक नॅट बसलाय, आणि त्यावर तुमचा ताबा नाही, तुमच्या राऊटरवर कितीही फॉरवर्ड करा, पॅकेट वरच थांबतं. मग एकतर कंपनीकडून पब्लिक आयपी मागायचा, नाहीतर बाहेर एखादा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेऊन आतून त्याच्याकडे बोगदा काढायचा आणि लोकांनी त्या व्हीपीएसवर यायचं, नाहीतर आयपीव्ही६ असेल तर ते वापरायचं. आयपीव्ही६ मध्ये पत्ते भरपूर, सर्व्हरला स्वतःचाच पब्लिक पत्ता असतो, त्यामुळे पत्ता बदलायचं कामच नाही, फक्त फायरवॉलवर परवानगी द्यायची.

बारीक पण महत्त्वाचं: सर्व्हरचा आतला आयपी पक्का करून टाका, डीएचसीपीमध्ये, म्हणजे राऊटर मशीनना आपोआप पत्ते वाटतो त्या सेटिंगमध्ये, रिझर्व्ह करा. नाहीतर एक दिवस वीज जाऊन येते, सर्व्हरला .५० च्या जागी .६३ मिळतो, .५० दुसऱ्याच कोणाला मिळतो आणि तुमचा रूल जगाला थेट त्या मशीनकडे नेऊन सोडतो.

आणि आता ज्याच्यासाठी मला खरंच काळजी वाटते ते. पोर्ट उघडला की तो तुमच्यासाठी उघडत नाही, सगळ्यांसाठी उघडतो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, त्याने एका मशीनवरून अख्खं आयपीव्ही४ जग एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासून होतं. माझा पत्ता कोणाला माहीत आहे, मी कोण एवढा मोठा, हा विचार सोडून द्या, तुम्हाला कोणी शोधत नाही, सगळं तपासताना तुम्ही सापडता. ३३८९ च्या ऐवजी ५३३८९ वर रिमोट डेस्कटॉप ठेवला तर लॉगमधला गोंगाट कमी होतो एवढंच, सुरक्षा वाढत नाही. रिमोट डेस्कटॉप तर कृपा करून थेट फॉरवर्ड करूच नका. मे २०१९ मध्ये त्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, ज्याला पासवर्डसुद्धा लागत नव्हता. २०१६ चं मिराई आठवत असेल, कॅमेरे आणि राऊटर, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, लाखो डिव्हाइस त्यात ओढली गेली.

जे फक्त तुम्हाला आणि ओळखीच्या चार जणांना हवंय, कॅमेरा, फाइल्स, रिमोट डेस्कटॉप, त्याच्यासाठी एकच पोर्ट उघडा, व्हीपीएनचा, म्हणजे बाहेरून आतल्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित बोगद्याचा. वायरगार्ड घेतला तर एक यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, आणि ज्याच्याकडे चावी नाही त्याला तो उत्तरच देत नाही, तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. जे खरंच सगळ्या जगासाठी आहे, म्हणजे वेबसाइट, तेच थेट फॉरवर्ड करा. एकापेक्षा जास्त साइट असतील तर प्रत्येकीला वेगळा पोर्ट देत बसू नका, ४४३ एका रिव्हर्स प्रॉक्सीकडे पाठवा, तो नाव बघून आत योग्य सर्व्हरकडे देतो. दोन ठरावीक ऑफिसांमध्येच बोलणं व्हायचं असेल तर रूलमध्ये ‘कुठून’ ची चौकट मोकळी सोडू नका, समोरच्याचा पत्ता टाका.

राऊटरमध्ये डीएमझेड नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की सगळं चालतं म्हणून लोक खूश होतात. घरगुती राऊटरमध्ये त्याचा अर्थ असा की ज्या पोर्टला वेगळा रूल नाही ते सगळे ह्या एका मशीनकडे, म्हणजे ते मशीन जवळजवळ उघड्यावर. मोठ्या नेटवर्कमध्ये डीएमझेड म्हणजे नेमकं उलट, बाहेरून पोचता येणारे सर्व्हर एका वेगळ्या तुकड्यात ठेवायचे आणि त्या तुकड्यातून आतल्या नेटवर्ककडे यायला बंदी, म्हणजे सर्व्हर हातचा गेला तरी तिथून पुढे घुसता येत नाही. नाव एकच, अर्थ विरुद्ध. यूपीएनपी पण तपासा, ते चालू असेल तर आतलं कुठलंही डिव्हाइस तुम्हाला न विचारता राऊटरला सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतं.

शेवटचं, रूल काढताना. टेस्टसाठी पोर्ट उघडला, काम झालं, रूल डिलीट केला, आणि तुम्हाला वाटतं दार बंद झालं. नव्यांसाठी झालं. पण लिनक्समध्ये नॅटचा रूल फक्त पहिल्या पॅकेटला बघितला जातो, पुढची सगळी पॅकेटं कनेक्शन ट्रॅकिंगच्या टेबलावर चालतात, त्यामुळे जे कनेक्शन आधीच जुळलेलं आहे ते रूल गेल्यावरही चालूच राहतं, आणि जुळलेलं टीसीपी कनेक्शन नुसतं गप्प बसून राहिलं तरी ती नोंद पुसायची मूळ मुदत ४,३२,००० सेकंद आहे, म्हणजे ५ दिवस. म्हणून एखाद्याला बाहेर काढण्यासाठी रूल काढत असाल तर त्यानंतर कॉनट्रॅकच्या कमांडने १९२.१६८.१.५० च्या नोंदी डिलीट करा, टीसीपीडम्पची खिडकी अजून उघडी ठेवा, आणि त्यातल्या ओळी खरंच थांबल्या का ते बघूनच ती बंद करा.